पहिलं धुवण

चीजच्या कारखान्यात तिला सगळे चकतीबाई म्हणायचे. हे नाव कुणी पाडलं ते आता कुणाच्याच लक्षात नव्हतं. तोंडावर म्हणायचे, पाठीमागेही म्हणायचे, आणि तिनं कधी त्याचा राग मानला नाही. राग मानायला तिच्याकडे दुसरी ठिकाणं भरपूर होती.

चकती म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. काचेच्या उथळ बशीत अगार नावाची जेली ओततात. त्या जेलीत जंतू मिसळलेले असतात. बशी उबेत ठेवली की जंतू वाढतात आणि जेली गढूळ होते. पण उबेत ठेवण्याआधी जेलीला एक बारीकसं भोक पाडून त्यात दुधाचे दोन थेंब सोडले, आणि त्या दुधात जंतू मारणारं काही असलं, तर भोकाभोवती जंतू वाढतच नाहीत. तेवढी जेली स्वच्छ राहते, अगदी गोल. ती चकती. विषाचा जोर जितका जास्त, तितकी चकती मोठी. आजारी गाईला इंजेक्शन दिलेलं असलं आणि तिचं दूध टँकरमध्ये मिसळलं, की बशीत चकती पडायची आणि भरलेला टँकर फाटकातून माघारी जायचा. टँकरवाले साहेबांना भ्यायचे नाहीत तेवढे हिला टरकून असायचे.

सव्वीस वर्षं ती हेच करत होती. बशी खिडकीपाशी न्यायची, उलटी धरायची, एक डोळा बारीक करायची आणि आकडा सांगायची, सतरा, नाहीतर साडेअकरा. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची सरकती पट्टी, लावायची ती केवळ वहीत लिहायला. अर्ध्या मिलिमीटरहून जास्त चूक तिच्या हातून कुणी पाहिली नव्हती. मध्यंतरी कारखान्यानं चकत्या मोजायचं कॅमेऱ्याचं यंत्र आणलं. त्या यंत्रानं बशीवरच्या ओरखड्याला चकती समजून एक चांगला टँकर परत पाठवला. तेव्हापासून यंत्र कोपऱ्यात कापड पांघरून बसलं होतं, आणि चकतीबाई रोज त्या कापडावरची धूळ बघून खूश व्हायची.

एवढी हुशार बाई, मग जन्मभर साधी तंत्रज्ञ का राहिली? इथंच तर सगळी मेख होती.

तिचे वडील याच कारखान्याचा टँकर चालवायचे. ती कॉलेजात विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला असताना ते गेले. घरात आई, आणि नऊ वर्षांनी लहान बहीण, धाकटी. कारखान्यानं वडिलांच्या जागी थोरलीला घेतलं, प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला. बाटल्या धुता धुता ती बश्या ओतायला शिकली, बश्या ओतता ओतता वाचायला शिकली. एवढं एक वर्ष जाऊ दे, मग कॉलेज पुरं करीन, असं ती पहिली तीन वर्षं म्हणाली. चौथ्या वर्षी म्हणायचंच सोडून दिलं.

धाकटी मात्र शिकली. शिकली म्हणजे काय, थांबलीच नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाटल्यांची झाकणं मांडून तिला व्हर्नियर वाचायला ताईनंच शिकवलं होतं. ते झाकणं मोजणारं पोर बघता बघता डॉक्टरेट झालं, मोठ्या संशोधन संस्थेत लागलं, देशोदेशी बोलायला जाऊ लागलं. आणि विषय कुठला घ्यावा? दुधातले जंतू! जगात एवढे विषय पडलेत, दगड आहेत, तारे आहेत, समुद्रातले मासे आहेत. पण नाही, बाईसाहेबांना दूधच हवं होतं. ताईच्या पोटात दुखायला आणखी काय लागतं?

धाकटीचा प्रबंध छापून घरी आला तेव्हा चकतीबाईनं हात धुऊन, पुसून आधी आभाराचं पान उघडलं. मार्गदर्शक होते. ग्रंथपाल होते. काचसामान सांभाळणाराही होता, नावानिशी. आणि सगळ्यात शेवटी, घाईत आठवल्यासारखं, 'घरची मंडळी'. तिनं ते पान दोनदा वाचलं, पुस्तक मिटलं आणि कपाटाच्या डोक्यावर ठेवून दिलं. वरताण म्हणजे त्या प्रबंधात बश्यांचे फोटो होते, चकत्यांचे, आणि त्यातल्या एकीचा आकडा चुकलेला होता. तेही तिनं कुणाला सांगितलं नाही. मनात मात्र जपून ठेवलं.

आई राहायची थोरलीकडे. औषधपाणी थोरली बघायची, पाय चेपायला थोरली. आणि बाहेरच्या खोलीत भिंतीवर फोटो कुणाचा, तर पदवीचा काळा झगा घातलेल्या धाकटीचा. कुणी भेटायला आलं की आई कौतुकानं सांगायची, "मोठी दुधात आहे, धाकटी संशोधनात." दुधात आहे! दुधात माशी असते, माणूस असतो का? चकतीबाईचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, शांत माणूस. बायकोची धुसफूस ऐकून ऐकून तो एवढंच म्हणायचा, "अगं, बहीण आहे ती तुझी, सवत नाही."

तिच्या वाट्याला एकच मान आला होता, आणि तो फाटकापाशी टांगलेला होता.

त्याची गोष्ट अशी. कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला डब्यातलं मऊ चीज बनायचं. ते वितळवायच्या मोठ्या भांड्याला सगळे कुकर म्हणायचे. पाळी संपली की कुकर गरम पाण्यानं धुवायचा, आणि त्या पहिल्या पाण्यात इतका स्निग्ध अंश उतरायचा की धुवण पांढरंफेक दिसायचं. ते सगळं गटारात जायचं. आठ वर्षांपूर्वी चकतीबाईनं ते धुवण बाटलीत भरून आणलं, तपासलं आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं: हे फेकू नका, पिंपात साठवा, सेपरेटरमधून साय काढा आणि ती साय नेहमीच्या चीजच्या दुधात घाला. साहेबांनी करून बघितलं आणि तोंडात बोटं घातली. मग एक छोटासा समारंभ झाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि फाटकातून आत आल्यावर डाव्या हाताच्या फलकावर तिचा फोटो लागला, हातात व्हर्नियर धरलेला. खाली तिचं नाव आणि 'पहिल्या धुवणाची कल्पना'. सकाळी येताना ती फोटोकडे मान वळवून बघायची नाही. पण आहे ना जागेवर, एवढी खात्री डोळ्याच्या कोपऱ्यातून करून घ्यायची.

तर असं सगळं चाललेलं असताना कारखान्यातल्या टाक्या रुसल्या.

चीज करताना टाकीतल्या दुधात विरजण घालतात. विरजणातले जंतू दूध आंबवतात, तिथून पुढचं काम सुरू होतं. गेल्या पंधरवड्यापासून तीन टाक्यांतली एक तरी टाकी हटून बसायला लागली. विरजण घालून तीन तास झाले तरी दूध ढिम्म, जसंच्या तसं. इंजेक्शनचं दूध आलं असेल म्हणावं, तर चकतीबाई प्रत्येक टँकर तपासत होती आणि एकाही बशीत चकती नव्हती. मग साहेबांनी ठरवलं की विरजणाला विषाणू लागला. जंतूंनाही विषाणू लागतात आणि चीजच्या कारखान्यात असं होतंही, त्यामुळे सगळ्यांनी माना हलवल्या. तज्ज्ञ बोलवायचं ठरलं. साहेब स्वतः प्रयोगशाळेत आले, तोंडभर हसत. तज्ज्ञ म्हणून चकतीबाईंच्या भगिनीच येणार होत्या, आणि त्यांनी दुखणं शोधून काढलं तर त्यांच्या संस्थेबरोबर कारखाना इथं एक नवी प्रयोगशाळा उभारणार होता, तिची प्रमुखही त्याच. केवढी अभिमानाची गोष्ट! चकतीबाईनं हसून दाखवलं. हसताना गाल दुखतात, हे तिला त्या दिवशी कळलं.

सोमवारी धाकटी आली. कडक इस्त्रीचा स्वतःचा पांढरा कोट घेऊन आली, खिशावर नाव भरतकामात. चकतीबाईच्या कोटाच्या खिशावर अॅसिडनं पडलेलं भोक होतं. सगळ्यांसमोर धाकटी म्हणाली की ही माझी ताई, मला व्हर्नियर हिनंच शिकवला. लोकांना फार गोड वाटलं. ताईला वाटलं, छापायचं तेव्हा छापलं नाहीस, आता तोंडी वाटत सुटलीस.

मग धाकटीनं कोपऱ्यातल्या यंत्रावरचं कापड काढलं. आत डोकावली, दोन स्क्रू फिरवले, कॅमेऱ्याची काच पुसली, आणि अर्ध्या तासात ते मेलेलं यंत्र घरघरायला लागलं. चकतीबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिनं बाटल्यांचा एक अख्खा ट्रे, जो आधीच धुतलेला होता, तो पुन्हा धुवायला घेतला.

दुपारच्या चहाला सगळे धाकटीभोवती गोळा झाले. तीन आठवड्यांपूर्वी कारखान्यात एक नवी पावडर आली होती, नायसिन नावाची. मोसमाच्या सुरुवातीला मऊ चीजचे डबे फुगले होते, म्हणून ती आता कुकरमध्ये चिमूट चिमूट घालत होते. नव्या पावडरच्या प्रत्येक पोत्याचा जोर चकत्या पाडून तपासायचं काम अर्थातच चकतीबाईकडे होतं. कुणीतरी धाकटीला विचारलं, की मॅडम, हे नायसिन म्हणजे नेमकं असतं तरी काय? झालं. धाकटी कप खाली ठेवून खुलून सांगायला लागली. हे औषध माणसानं घडवलेलं नाही, दुधात राहणारा एक साधा जंतू ते स्वतःच तयार करतो. प्रथिनाचाच बारकासा तुकडा. माणसाच्या पोटात गेला तर पचून जातो, पण जंतूंच्या अंगाला भोकं पाडतो. आणि त्या जंतूला तो लागतो कशाला? तर शेजाऱ्यांना मारायला.

"पण शेजारी म्हणजे कोण माहितीये?" धाकटी म्हणाली. "बहुतेक त्याच्याच भाऊबंदांतले. लांबच्यांशी त्याचं भांडण नसतं. जे त्याच दुधावर जगतात, त्यांचाच त्याला त्रास."

सगळे हसले. त्याला स्वतःला काही होत नाही का, असं कुणीसं विचारलं, तर नाही म्हणाली. त्यानं स्वतःपुरता बचाव आधीच करून ठेवलेला असतो. चकतीबाई कपात बघत बसली होती. तिला त्या जंतूचं सगळं म्हणणं पटलं. फक्त तो बचाव तेवढा आपल्याकडे नाही, हेही तिला जाणवलं, कारण आतून जळत होतं ते तिचंच होतं.

मंगळवारचा दिवस धाकटी कारखानाभर हिंडली. वाकून नळ्या बघितल्या, कामगारांशी गप्पा मारल्या, ठिकठिकाणचे नमुने घेतले, आणि त्या यंत्राखाली बश्यांवर बश्या सरकवत राहिली. येणारा-जाणारा थांबून बघायचा. चकतीबाईकडे कुणी एक आकडा विचारायला आलं नाही. बुधवारी तिला ते सहन होईना. तिनं ठरवलं की आपणही एक बशी लावायची, कुणाला न सांगता. पण कशाची? टँकरचं दूध तर रोजच लावते. मग रागारागानं तिनं जे कधी केलं नव्हतं ते केलं. हटून बसलेल्या टाकीतलंच दूध आणलं. टँकरमधलं नव्हे, सगळं मिसळून झाल्यावरचं, टाकीतलं.

गुरुवारी सकाळी तिनं बशी खिडकीपाशी उलटी धरली आणि एक डोळा बारीक केला. चकती होती. अशी नितळ, अशी गोल, की बघत राहावं. चौदा.

आता खोटं कशाला बोलायचं, त्या क्षणी तिला कारखान्याचं काही पडलं नव्हतं. विरजणाला विषाणू लागलेला नाही, दुधातच काहीतरी मारक आहे, आणि हे आपल्याला माहीत आहे, तिला नाही. एवढंच तिच्या मनात नाचत होतं. एवढंच, पण केवढं! तिनं त्याच दुधाचे दोन भाग केले. एक तसाच ठेवला, दुसऱ्यात कॉस्टिक सोड्याचा खार घालून उकळला, निववला आणि आम्लाच्या थेंबांनी खाराचा जोर मारून मग बशीत सोडला. नायसिन आम्लात ठणठणीत राहतं, खारात उकळलं की संपतं. पावडर तपासून तपासून तिला हे तोंडपाठ होतं. शुक्रवारी सकाळी पहिल्या भोकाभोवती चकती होती, दुसऱ्याभोवती नव्हती. म्हणजे नायसिनच. तिनं ती बशी आपल्या डब्याच्या फडक्यात गुंडाळली आणि फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, मागे सारून ठेवली. शनिवारी साहेबांसमोर बैठक होती. धाकटी विषाणू विषाणू करील, सगळे माना डोलावतील, आणि मग आपण उठायचं, जाऊन बशी आणायची, मधोमध ठेवायची. काही बोलायचंसुद्धा नाही. तिनं दिवसभरात हे दृश्य इतक्यांदा बघितलं की शेवटी शेवटी त्यात आईसुद्धा बैठकीला आलेली होती.

एकच धागा राहिला होता. नायसिन पडतं मऊ चीजच्या कुकरमध्ये, कारखान्याच्या त्या टोकाला. मग ते या टोकाच्या टाकीत आलं कसं? जेवणाच्या सुट्टीत ती टाकीपासून उलटी चालत निघाली. टाकीतून दुधाच्या नळीपाशी. तिथून सायीच्या कॅनपाशी. कॅनपासून सेपरेटर. सेपरेटरपासून, जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, एक मोठं स्टीलचं पिंप. पिंपावर चिकटवलेला कागद पिवळा पडला होता, पण अक्षर शाबूत होतं. 'पहिलं धुवण. फेकू नये.' अक्षर तिचंच होतं.

ती तिथंच जिन्याच्या पायरीवर बसली. आठ वर्षं हे धुवण निर्मळ होतं. तीन आठवड्यांपूर्वी कुकरमध्ये पावडर पडायला लागली, म्हणजे धुवणात उतरली, धुवणातून सायीत, सायीतून टाकीत, आणि टाकीतलं विरजण बिचारं मुकाट्यानं मरत होतं. ज्या टाकीत त्या कॅनची साय पडली ती टाकी हटली, बाकीच्या चालल्या. किती सरळ होतं! आणि अख्ख्या कारखान्यात या दोन्ही गोष्टी माहीत असलेलं माणूस एकच. पावडर तपासायची तिनं, धुवण वाचवायला शिकवलं तिनं, आणि दोन्हींची गाठ घालायची राहिली तीही तिच्याच हातून. बाहेर फाटकापाशी तिचा फोटो व्हर्नियर धरून हसत होता.

संध्याकाळी घरी आई म्हणाली की धाकटीच्या कामाला यश येऊ दे गं बाई. आणि चकतीबाईचं ठरलं. गप्प बसायचं. गप्प बसलं की फोटो जागेवर राहतो. धाकटी विषाणूच्या मागे लागेल, टाक्या हटतच राहतील, आणि नव्या प्रयोगशाळेचं घोडं इथंच अडेल. पहिल्यांदा तिला हरलेली बघायला मिळेल. यात वाईट काय आहे, असं तिनं स्वतःला विचारलं, आणि उत्तर यायच्या आत दिवा मालवला.

शनिवारी सकाळी दहाला बैठक. धाकटीनं अहवालाच्या प्रती वाटल्या आणि खाली बघत वाचून दाखवला. कसून तपासणी केली. परंतु बिघाडाचं निश्चित कारण सांगता येत नाही. पुढील अकरा उपाय मात्र तातडीनं करावेत.

चकतीबाईचा जीव भांड्यात पडला. कारण सांगता येत नाही! विषाणूसुद्धा नाही, काहीच नाही! साहेबांचं तोंड उतरलेलं तिनं डोळे भरून बघितलं. मग चवीनं ते अकरा उपाय वाचायला घेतले. विरजण बदलावं. नळ्या उकळत्या पाण्यानं धुवाव्यात. ब्रश टाकून नवे घ्यावेत. कामगारांनी टोप्या बदलाव्यात. सगळा फापटपसारा. आठवा, खिडक्यांना जाळी. नववा: 'मऊ चीजच्या कुकरचं पहिलं धुवण साठवू नये, थेट गटारात सोडावं.' दहावा, फरशीच्या भेगा बुजवाव्यात.

तिनं नववा पुन्हा वाचला.

जाळ्या आणि भेगांच्या मध्ये दडवलेला तो एक उपाय. बाकी सगळे नुसते दाखवायला होते. हा एकच खरा होता, आणि त्याला कारण दिलेलं नव्हतं. तिनं मान वर करून धाकटीकडे बघितलं. साहेब विचारत होते, एवढी खटपट करून कारण नाहीच सापडलं म्हणता? धाकटी म्हणाली, नाही सापडलं, आणि तिनं आपल्या उजव्या कानाची पाळी ओढली. लहानपणी बाटल्यांची झाकणं हरवली की अशीच ओढायची, मी नाही घेतली म्हणत.

म्हणजे हिला माहीत आहे. हिला सगळं माहीत आहे. ही फाटकातून रोज आत येते, तो फोटो बघते, त्याखालची ओळ वाचते. आणि म्हणून ही आपलं नाव, आपली प्रयोगशाळा, सगळ्यावर पाणी सोडून इथं अडाणी म्हणून बसली आहे, ताईच्या फोटोला धक्का लागू नये म्हणून.

कुणाचंही काळीज यावर विरघळलं असतं. चकतीबाईचं पेटलं. मी बशी लपवली ती हिचं नाक कापायला, आणि हिनं लपवली ती माझं राखायला! इथंही हीच पुढे! हुशारीत पुढे, पदवीत पुढे, आता चांगुलपणातही हिचाच पहिला नंबर, आणि मी जन्मभर हिच्या उपकाराखाली? बाहेरच्या खोलीतला तो काळा झगा बघत बघत? ते शक्य नव्हतं. बाकी सगळं गिळलं असतं, हे नाही.

ती खुर्ची मागे सारून उठली, बाहेर गेली आणि फडकं घेऊन आली. बशी टेबलाच्या मधोमध ठेवली.

"कारण सापडलंय," ती म्हणाली. "नायसिन आहे. माझ्या धुवणातून येतंय."

तिनं सगळं सांगितलं, पिंप, सेपरेटर, साय, टाकी, एक पायरी न गाळता. धाकटी हळूच म्हणाली, ताई, बस ना खाली. ताई बसली नाही.

"तुझीही बशी असेल कुठंतरी. किती आली होती?"

धाकटीनं एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा ताईकडे. "साडेतेरा."

"यंत्रानं?"

"यंत्रानं."

"चौदा आहे," चकतीबाई म्हणाली. "तुझ्या प्रबंधातही चुकलंय एके ठिकाणी. दाखवीन कधीतरी." मग तिनं अहवालाची आपली प्रत धाकटीसमोर सरकवली. "हे परत लिही. चूक कुणाची तेही लिही. आणि 'घरची मंडळी' असलं काही लिहायचं नाही. माझं नाव घाल. पूर्ण."

धाकटीनं ती प्रत जवळ ओढली. तिचे डोळे भरून आले होते. त्या 'घरच्या मंडळीं'चा काटा ताईच्या मनात इतकी वर्षं रुतून बसला होता, हे तिला त्या घटकेला पहिल्यांदा कळलं. ताईनं तिच्याकडे बघणं टाळलं, कारण बघितलं असतं तर तिचेही भरले असते.

सोमवारपासून धुवण गटारात जायला लागलं आणि टाक्या सुतासारख्या सरळ झाल्या. साहेब रागावले नाहीत, पण फाटकाजवळचा फोटो कुणीतरी गुपचूप काढला; फलकावर चौकोनी फिकट डाग तेवढा राहिला. प्रयोगशाळा उभी राहणार, प्रमुख धाकटीच, हेही नक्की झालं. चकतीबाईला पुन्हा जळायला सुरुवात करण्याइतकं ते पुरेसं होतं, आणि तिनं सुरुवात केलीही.

नवा अहवाल छापून घरी आला. तिसऱ्या पानावर तिचं नाव होतं, पूर्ण. एकदा चूक म्हणून आणि एकदा शोध म्हणून, लागोपाठच्या दोन ओळींत. शेजारी चकतीचा व्यास दिला होता: चौदा. चकतीबाई ते पान बराच वेळ धरून बसली. यातही मोठेपणा केलाच कार्टीनं, असं ती पुटपुटली आणि पदरानं नाक पुसलं.

आईनं चष्मा लावला आणि नावाखालून बोट फिरवलं. हे तुझं नाव इथं कसं, म्हणून विचारलं. चकतीबाईनं खरं ते सांगितलं, चूक केली म्हणून. आईला त्यातलं किती कळलं कोण जाणे. पण त्या आठवड्यात आईची एक मैत्रीण भेटायला आली, तेव्हा चकतीबाई आत चहा टाकत होती आणि तिला बाहेरचं बोलणं ऐकू आलं.

"मोठीचं नाव छापून आलंय," आई सांगत होती, "पूर्ण."

कशाबद्दल आलंय, ते आईनं सांगितलं नाही. चकतीबाई चहा घेऊन बाहेर आली. तिनंही सांगितलं नाही.